गोधनाची धाड आणि थांबलेले नांगर

आपल्या सीमाभागातील काही वीरगळांच्या खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या आढळतात; गोधन सोडविताना वीर पडला, ही त्याची खूण. शिळेवर वीर दिसतो, त्याच्यामागे उरलेले शेत दिसत नाही. ते पाहावयाचे तर युगांडाकडे वळावे लागेल.

तेथील करामोजा या कोरड्या प्रदेशातील पशुपालक जमाती पूर्वी भाल्यांनिशी एकमेकींची गुरे पळवीत. वधूमूल्य गुरांतच मोजावयाचे, तेव्हा तरुणांना धाडीचा मोह पडे. १९७९ साली इदी अमीनची राजवट कोसळली आणि मोरोटोच्या लष्करी तळावरील बंदुका त्यांच्या हाती आल्या. १९८०च्या दुष्काळात हजारो माणसे दगावली.

पुढे घाला पडला तो शेजारच्या तेसोवर. भाषेने दोघे नात्यातलेच! विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे बैलांचा नांगर रुजला होता, त्याच्या बळावर कापूस पिके. धाडी आणि बंडाळी यांत त्या दशकाच्या अखेरीस बहुतेक गोधन गेले. नांगर गंजले, माणसे कुदळीवर आली. कुदळ पोहोचेल तेवढीच जमीन पेरली जाऊ लागली. गुरे विकून मुलांची फी भरण्याचा मार्गही खुंटला.

आणि लुटणाऱ्यांना तरी काय लाभले? आणलेली गुरे दुसऱ्या धाडीच्या भयाने एकाच ठिकाणी दाटीने राखावी लागत. तेथले गवत संपे, आणि सीमेवरची चांगली कुरणे ओस राहत.