नावे आणि आकडा : हिरोशिमाच्या मृतांची नोंदवही

हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानात वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी आखलेली कमान आहे. कमानीखालच्या दगडी पेटीत अणुबॉम्बने मेलेल्यांच्या नावांच्या वह्या ठेवलेल्या आहेत. दरवर्षी ६ ऑगस्टच्या सकाळी स्मरणसभेच्या आरंभी महापौर आणि मृतांच्या कुटुंबांचे प्रतिनिधी नव्या वह्या त्या पेटीत ठेवतात. ८ वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे बॉम्ब पडला त्या वेळी, सगळे स्तब्ध उभे राहतात. १९५२ साली स्मारकाचे अनावरण झाले तेव्हा नोंदवहीत ५७,९०२ नावे होती. २०२४ मध्ये १२८ वह्यांत ३,४४,३०६. हा दुसरा आकडा पुष्कळदा बॉम्बस्फोटाच्या बळींचा म्हणून सांगितला जातो. तसा तो नाही. त्या दिवशी वाचलेले आणि पुढे केव्हाही, कोणत्याही कारणाने वारलेले बाधितही त्यात येतात. मग १९४५ साल संपेपर्यंत किती माणसे गेली? त्यासाठी जुनी कागदपत्रे एकेक करून तपासावी लागतात.

पहिला कागद हिरोशिमा प्रांताच्या पोलिसांचा, ३० नोव्हेंबर १९४५ चा. त्यात मृत ७८,१५० आणि बेपत्ता १३,९८३ अशी नोंद आहे. घटनेला चार महिनेही झाले नव्हते, हे त्याचे बळ. पण मोजणारी यंत्रणाही त्याच आगीत सापडली होती. महापौर सेनकिची आवाया ६ ऑगस्टलाच मारले गेले होते आणि नगरपालिकेची इमारत आतून जळून गेली होती. अमेरिकेच्या सामरिक बॉम्बहल्ला पाहणीने १९४६ च्या अहवालात ७० ते ८० हजार असा अंदाज दिला. तो पोलिसांच्या आकड्याशी जुळतो खरा, पण त्यामुळे पोलिसांच्या आकड्याला स्वतंत्र दुजोरा मिळाला असे लगेच मानता येत नाही. पाहणीला आधार म्हणून हाताशी होती ती बरीचशी स्थानिक माहितीच.

दुसरा कागद नगरपालिकेचा, १० ऑगस्ट १९४६ चा : मृत १,१८,६६१, बेपत्ता ३,६७७. सैनिक यात धरलेले नाहीत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मृतांत ४०,५११ ची वाढ दिसते आणि बेपत्तांत १०,३०६ ची घट. बेपत्तांपैकी बहुतेकांना दरम्यान मृत ठरवले गेले, असा तर्क करता येतो. उरलेल्या सुमारे तीस हजारांत नंतर दगावलेले किती आणि आधीच्या मोजणीतून सुटलेले किती, हे मात्र या दोन कागदांवरून वेगळे काढता येत नाही. दोन खात्यांनी दोन रीतींनी केलेल्या या मोजण्या आहेत. त्यांच्यातल्या फरकाला सरळ अर्थ देणे धोक्याचे.

आज सर्वत्र दिला जाणारा आकडा तिसऱ्या कागदातला आहे. १९७६ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांनी संयुक्त राष्ट्रांना निवेदन दिले. त्यात १९४५ अखेरपर्यंतचे हिरोशिमाचे मृत १,४०,००० असे मांडले होते, दहा हजार इकडे किंवा तिकडे. १९४६ च्या कागदातले मृत आणि बेपत्ता मिळून १,२२,३३८ होतात. सैनिकांची भर घातली तर निवेदनाच्या आकड्याजवळ पोहोचता येते. ही जुळणी माझी आहे, निवेदनाचा हिशेब याच वाटेने झाला असा माझा दावा नाही. मात्र निवेदनकर्त्यांनी वीस हजारांचा पल्ला उघडपणे मान्य केला होता. पुढे आकडा सांगता सांगता लोकांनी तो पल्ला गाळून टाकला.

चौथा पुरावा नावांचा आहे. नगरपालिका अनेक दशके निरनिराळ्या याद्या एकमेकींशी ताडून बाधितांची नोंद जुळवत आली आहे. १९४५ अखेरपर्यंत मेल्याचे नावानिशी सिद्ध झालेले लोक मार्च २०१९ पर्यंत ८९,०२५ भरले. अंदाज आणि नावे यांत ५०,९७५ चे अंतर आहे. अंदाजाची खालची मर्यादा धरली तरी ते चाळीस हजारांच्या वर राहते.

हे अंतर कुठे पडले असावे? आगीचा फैलाव रोखण्यासाठी घरे पाडण्याच्या कामावर त्या सकाळी सुमारे ८,४०० शाळकरी मुलेमुली होती. त्यांतली सुमारे ६,३०० मेली. इतक्या नेमकेपणाने हे सांगता येते, कारण शाळांकडे हजेरीपट होते, शिक्षक होते आणि शोध घेणारे आईवडील होते. ज्या घरातले सगळेच गेले, त्यांचे नाव कळवायला कोण उरले? जन्माची नोंद होण्याआधीच गेलेली तान्ही मुले, सक्तीने मजुरीला आणलेले कोरियन, कामापुरते शहरात आलेले लोक यांचे कागद मुळातच कमी. रिकाम्या जागा अशाच लोकांच्या असाव्यात, हे अनुमान आहे. पण त्याला भक्कम आधार आहे.

याच उद्यानात मृतांच्या रक्षेची एक टेकडी आहे. तिथे सुमारे ७०,००० अनोळखी मृतांची रक्षा असल्याचे मानले जाते. हे सत्तर हजार त्या ८९,०२५ मध्ये मिळवले तर बेरीज १,५९,०२५ येते, म्हणजे १९७६ च्या वरच्या मर्यादेच्याही पुढे. अंदाज बरोबर असेल तर निदान काही हजार माणसे दोन्हीकडे असली पाहिजेत : नाव घरच्यांनी कळवले, रक्षा मात्र ओळख न पटता टेकडीत गेली. टेकडीत नाव ठाऊक असूनही कोणी न नेलेली रक्षाही आहे, आठशेच्या आसपास जणांची. त्यांची यादी नगरपालिका दरवर्षी नव्याने प्रसिद्ध करते.

या सगळ्या कागदांत मला सर्वांत विश्वासार्ह वाटते ती पेटीतली एक वेगळी वही. २०२४ मध्ये १२८ पैकी १२७ वह्यांत नावे होती. एकीवर फक्त ‘नाव अज्ञात, अनेक जण’ अशा अर्थाची नोंद आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी कर्मचारी सगळ्या वह्या बाहेर काढतात, बुरशी लागू नये म्हणून पान न् पान वाऱ्याला धरतात. या निनावी वहीची निगाही तशीच राखली जाते. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे तिच्यात काही लिहिलेले नाही आणि त्या माणसांना हिशेबातून वगळलेलेही नाही.

६ ऑगस्टला आपल्याकडेही हिरोशिमाची आठवण काढली जाते, आणि तेव्हा १,४०,००० हा आकडा उच्चारला जातो. तो जरूर उच्चारावा. पण त्याबरोबर दहा हजारांची मर्यादा सांगावी आणि ८९,०२५ ही संख्याही सांगावी. पहिल्या आकड्यातून संहाराची व्याप्ती कळते, दुसऱ्यातून पुरावा कुठवर पोहोचला आहे ते कळते. दोन्ही एकत्र ठेवले तरच हा शोध अजून संपलेला नाही हे ध्यानात राहते; आणि तो चालू ठेवणे हीसुद्धा त्या मृतांना वाहिलेली श्रद्धांजलीच आहे.