पहिल्या क्रमांकाची विमानतुकडी

श्रोतेहो, जमिनीवर लढणाऱ्या पलटणीचा इतिहास सांगणें त्या मानानें सोपें असतें. तिची छावणी, तिनें राखलेला घाट, तिनें जिंकलेली टेकडी आजही जागेवर असते. तेथें जाऊन बोट दाखवितां येतें. विमानतुकडीचें तसें नाहीं. आकाशांत झालेल्या लढाईचा मागमूस दुसऱ्या क्षणीं उरत नाहीं. विमान दहापांच वर्षांत जुनें होऊन मोडींत जातें, वैमानिक बढती मिळून दुसरीकडे जातात, तळही हलतो. मग अशा तुकडीजवळ आपलें म्हणून शेवटीं उरतें तरी काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं मी आज भारतीय विमानदलाच्या पहिल्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनची हकीकत आपणांपुढें मांडणार आहें.

हिंदी माणूस विमान चालवूं शकतो, हें पहिल्या महायुद्धांतच दिसून आलें होतें. इंद्रलाल रॉय या एकोणीस वर्षांच्या बंगाली तरुणानें १९१८ च्या जुलै महिन्यांत अवघ्या दोन आठवड्यांत शत्रूचीं दहा विमानें नामोहरम केलीं आणि त्याच महिन्यांत फ्रान्सच्या आकाशांत देह ठेवला. परंतु युद्ध संपलें आणि हें सारें विसरलें गेलें. हिंदी शिपाई बंदूक धरील, खिंड लढवील, पण विमानासारखें नाजूक यंत्र त्याच्या हातीं द्यावें काय, अशी शंका राज्यकर्त्यांच्या गोटांत होती. १९२५ सालीं सेनाधिकाऱ्यांच्या हिंदीकरणाचा विचार करण्यासाठीं स्कीन समिती नेमली गेली. पंडित मोतीलाल नेहरू आणि बॅरिस्टर जीना यांचीं नांवें तींत होतीं. हिंदी तरुणांना विमानविद्येचें अधिकारी शिक्षण द्यावें, ही गोष्ट या समितीनें पुढें केली आणि १९३० सालीं पहिले हिंदी उमेदवार इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या विद्यालयांत दाखल झाले.

८ ऑक्टोबर १९३२ रोजीं भारतीय विमानदल कायद्यानें अस्तित्वांत आलें. पण कागदावरचें दल उडत नसतें. त्याचा पहिला प्रत्यक्ष घटक १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिघ रोड येथें उभा राहिला. त्याचा पसारा ऐकून आज हसूं येईल. चार वापिती विमानें, सहा हिंदी अधिकारी आणि एकोणीस हवाई शिपाई, एवढेंच तें दल होतें! अधिकाऱ्यांपैकीं पांच जण वैमानिक होते: हरिश्चंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, अमरजीत सिंग आणि आवान. सहावे टंडन, उंची कमी पडल्यामुळें त्यांना वैमानिक होतां आलें नाहीं, म्हणून सामानसुमानाचें खातें त्यांनीं सांभाळलें. तुकडीचें नेतृत्व अर्थातच सेसिल बुशिए या इंग्रज अधिकाऱ्याकडे होतें.

वापिती म्हणजे दुमजली पंखांचें, कापडानें मढविलेलें, उघड्या बैठकीचें दोन माणसांचें विमान. विटण्याच्या वयाचीं हीं यंत्रें या नव्या दलाच्या वांट्यास आलीं. पहिलें वर्षही पुरें झालें नव्हतें तोंच भूपेंद्र सिंग आणि अमरजीत सिंग हे दोघे एकाच अपघातांत मृत्यु पावले. पुढें सरकारही सेवेंतून बाहेर पडले. श्रोतेहो, पांचांतील तीन गेले म्हणजे काय झालें असेल, याची कल्पना करा. ज्यांना हा प्रयोग फसलेलाच पाहावयाचा होता, त्यांना याहून चांगलें निमित्त कोणतें हवें होतें? परंतु प्रयोग फसला नाहीं. अस्पी इंजिनिअर, करुणकृष्ण मजुमदार, मेहेरसिंग, अर्जनसिंग असे एकामागून एक तरुण येत गेले आणि रिकाम्या जागा भरत गेल्या. १९३६ सालीं दुसरा व १९३८ सालीं तिसरा गट उभा राहून तुकडी पूर्ण झाली.

येथें त्या एकोणीस हवाई शिपायांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. इतिहासाच्या पुस्तकांत वैमानिकाचें नांव येतें, चित्र येतें. पण इंजिनाचा प्रत्येक खिळा तपासून 'विमान उडण्यास योग्य आहे' असें सांगणारा माणूस पडद्याआड राहतो. वैमानिक आपला जीव त्याच्या शब्दावर टाकीत असतो. हिंदी माणसाच्या हातीं यंत्र द्यावें काय, या प्रश्नाचें खरें उत्तर आकाशांत जितकें मिळालें, तितकेंच तें ड्रिघ रोडच्या विमानघरांत तेलानें माखलेल्या हातांनीं दिलें.

तुकडीची पहिली कामगिरी १९३७ सालीं वायव्य सरहद्दीवर, उत्तर वझिरीस्तानांतील मिरानशहा येथून झाली. ही गोष्ट अभिमानानें सांगतांना मन थोडें अडखळतें, हें कबूल केलें पाहिजे. ज्यांच्यावर हीं विमानें चालून जात, ते पठाणही आपल्या डोंगरांत परक्या सत्तेशीं झुंजत होते. आणि जे चालवीत, तेही त्याच सत्तेचे प्रजाजन होते. पराधीन देशाच्या सैनिकाला शौर्य दाखवितां येतें, पण तें कोणासाठीं दाखवावें याची निवड त्याच्या हातीं नसते. ही त्या पिढीची कोंडी होती. ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

याच सरहद्दीवर एक प्रसंग घडला. डोंगरांतील एका ठाण्यावरची सैनिकांची टोळी मुख्य सैन्यापासून तुटून वेढली गेली आणि त्यांच्याजवळचीं काडतुसें संपत आलीं. सुब्रतो मुखर्जी यांचें विमान वर घिरट्या घालीत होतें. खालून आलेली खूण ओळखून त्यांनीं आणि मागें बसलेल्या तोफचीनें आपल्याच यंत्रबंदुकीचीं काडतुसें काढलीं, पायांतल्या मोज्यांत भरलीं आणि खालीं टाकलीं. स्वतःचें विमान निःशस्त्र करून जमिनीवरच्या सोबत्यांना शस्त्र देणें, ही युक्ति कोणत्याही शिक्षणक्रमांत नव्हती.

१६ मार्च १९३९ रोजीं याच मुखर्जींच्या हातीं तुकडीचें नेतृत्व आलें. विमानांची संपूर्ण तुकडी हिंदी माणसाच्या आज्ञेंत येण्याचा हा पहिला प्रसंग. त्याच वर्षीं दुसरें महायुद्ध पेटलें, तेव्हां साऱ्या भारतीय विमानदलांत हीच एक तुकडी होती. अधिकारी १६ आणि इतर माणसें ६६२.

यापुढें या कथेंत आपली मुंबई येते. १९४१ सालीं तुकडीला नवीं लायसँडर विमानें मिळालीं. त्यांची बाराची पूर्ण संख्या मुंबईच्या युद्धदेणगी निधीनें दिली होती आणि नोव्हेंबर महिन्यांत पेशावर येथें तीं समारंभपूर्वक तुकडीच्या स्वाधीन झालीं. त्याच वर्षीं देशांत वैयक्तिक सत्याग्रह चालू होता आणि या युद्धाला साहाय्य करूं नये म्हणून शेंकडों लोक तुरुंगांत जात होते. एकाच काळीं घडलेल्या या दोन गोष्टी इतिहासाच्या विद्यार्थ्यानें शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात. देणगीचीं विमानें चालविणारे तरुण आणि तुरुंगांत जाणारे तरुण हे एकाच घरांतले असूं शकत होते.

हीं विमानें घेऊन मजुमदारांच्या नेतृत्वाखालीं तुकडी फेब्रुवारी १९४२ च्या आरंभीं ब्रह्मदेशांतील टाँगू येथें पोंचली. पोंचतांच जपानी बाँबफेकीनें तिचें स्वागत केलें. लायसँडर हें वास्तविक टेहळणीचें विमान. लहानशा मैदानावर उतरावें, शत्रूची हालचाल पाहावी, तोफखान्यास निशाण सांगावें, एवढेंच त्याचें काम. पण तुकडीच्या माणसांनीं जागच्या जागीं जोडणी करून त्याच्या आंखूड पंखांवर अडीचअडीचशें पौंडांचे दोन बाँब अडकविले. जपानी हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशीं मजुमदार एकटे एक लायसँडर घेऊन सयामच्या हद्दींतील मे हाँग सोन या शत्रूच्या तळावर गेले. रक्षणासाठीं सोबत दोन बफेलो विमानें होतीं. झाडांच्या शेंड्यांवरून उडत जाऊन त्यांनीं तेथील विमानघरावर बाँब टाकले. पुढील दिवशीं सारी तुकडी त्याच वाटेनें गेली.

ब्रह्मदेश हातचा गेला आणि तुकडी परत आली; पण एक गोष्ट तिनें मिळविली. 'यांना झेपेल काय?' हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाहीं. मजुमदारांना डी. एफ. सी. हें शौर्यपदक मिळालें. पुढें १९४४ सालच्या युरोपांतील कामगिरीबद्दल तेंच पदक त्यांना दुसऱ्यांदां मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत हा मान दुसऱ्या कोणा हिंदी वैमानिकास लाभला नाहीं. फेब्रुवारी १९४५ मध्यें लाहोर येथें विमानाच्या कसरती दाखवितांना या वीराचा अंत झाला.

१९४४ सालीं हीच तुकडी हरिकेन विमानांनिशीं इंफाळला आली. नेतृत्व अर्जनसिंग यांच्याकडे होतें आणि त्यांनीं वयाचीं पंचवीस वर्षेंही अद्याप पुरीं केलीं नव्हतीं. मार्च महिन्यांत जपानी सैन्यानें इंफाळला वेढा घातला. जमिनीवरचा रस्ता तुटला. २२ जूनला तो मोकळा होईपर्यंत पुरवठा काय, बातमी काय, सर्व आकाशांतूनच. पावसाळी ढगांनीं भरलेल्या डोंगरांतून जोडीजोडीनें फिरून वाटा, पूल आणि शत्रूच्या हालचाली पाहणें, हें तुकडीचें नित्याचें काम होतें. अर्जनसिंगांच्या छातीवर डी. एफ. सी. चें पदक लॉर्ड माउंटबॅटन यांनीं इंफाळ येथेंच स्वहस्तें लावलें. युद्ध संपलें त्या वेळीं एकीच्या नऊ तुकड्या झाल्या होत्या.

आणि नंतर आला १९४७ चा ऑगस्ट. सैन्याची वांटणी झाली तशी विमानदलाचीही झाली. पहिली तुकडी त्या वेळीं पेशावरकडे होती. तिचीं विमानें आणि सामान पाकिस्तानच्या वांट्यास गेलें व तुकडी मोडली. श्रोतेहो, नकाशा समोर घेऊन पाहा. ड्रिघ रोड, पेशावर, मिरानशहा, कोहाट, रिसालपूर: जेथें ती जन्मली, वाढली, शिकली, तीं सर्व ठिकाणें एका रात्रींत परक्या देशांत गेलीं. ज्या भूपेंद्र आणि अमरजीत यांनीं पहिल्याच वर्षीं प्राण दिले, त्यांची तुकडी आतां एक रिकामा क्रमांक होऊन राहिली.

तो क्रमांक साडेपांच वर्षें रिकामा होता. २६ जानेवारी १९५३ रोजीं पंजाबांतील हलवारा येथें पंधराव्या तुकडीला पहिला क्रमांक देण्यांत आला. विमानें निराळीं, तळ निराळा, माणसें निराळीं; पण नांव तेंच. पुढल्याच वर्षीं, १ एप्रिल १९५४ रोजीं, सुब्रतो मुखर्जी विमानदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ड्रिघ रोडवर चार वापिती उभीं राहिलीं होतीं त्या दिवसाला त्या दिवशीं बरोबर एकवीस वर्षें झालीं होतीं. त्यांच्या मागून आलेले अस्पी इंजिनिअर आणि अर्जनसिंग हे दोन्ही प्रमुखही याच तुकडींत घडलेले होते. अर्जनसिंग यांना २००२ सालीं 'मार्शल' ही सर्वोच्च पदवी मिळाली आणि २०१७ सालीं ते निवर्तले.

नांव उसनें मिळतें, पण तें निभवावें लागतें. ७ सप्टेंबर १९६५ रोजीं पहांटे याच पहिल्या तुकडीचीं मिस्टेअर विमानें आदमपूरहून पाकिस्तानच्या सरगोध्याच्या तळावर गेलीं. बारा विमानें जावयाचीं होतीं; कोणी अडले तर राखीव म्हणून स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हे कोडगु प्रांतचे अधिकारी सिद्ध होते. वेळ आली आणि ते गेले. परत मात्र आले नाहींत. त्यांचें काय झालें, हें सोबत्यांना कळलें नाहीं. पुष्कळ वर्षें ते केवळ 'बेपत्ता' होते. १९७९ सालीं एका इंग्रज लेखकानें पाकिस्तानी बाजूनें लिहिलेल्या पुस्तकामुळें हकीकत उजेडांत आली. शत्रूचें स्टारफायटर हें कितीतरी अधिक वेगाचें विमान पाठीशीं लागलें असतां देवय्यांनीं उलटून त्याला गांठलें आणि पाडलें. त्या विमानाचा वैमानिक छत्रीच्या साहाय्यानें वांचला, देवय्या वांचले नाहींत. १९८८ सालीं, म्हणजे तेवीस वर्षांनीं, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यांत आलें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. विमानें गेलीं, तळ गेला, माणसें गेलीं. मग त्या तुकडीजवळ काय उरलें? माझ्या मतें एक हजेरीपट उरला. शिक्षकाला हजेरीपटाची किंमत ठाऊक असते. वर्ग दरवर्षीं नवा येतो, बांक बदलतात, शाळेची इमारतही बदलते. पण पटावरचें पूर्वींचें नांव कोणी खोडीत नाहीं आणि नव्या नांवाला जुन्या नांवांच्या खालींच जागा मिळते. देवय्यांचें नांव भूपेंद्र आणि अमरजीत यांच्या खालीं लिहिलें गेलें. मधल्या काळांत राज्य बदललें, देश दुभंगला, तरी पट एकच राहिला.

आणि म्हणून त्या पटावर वैमानिकांच्या जोडीला ते एकोणीस हवाई शिपाईही आपण वाचले पाहिजेत. १९३३ सालीं त्यांच्यावर कोणाचा फारसा भरवंसा नव्हता. त्यांनीं सभा भरविल्या नाहींत, वाद घातला नाहीं. रोज सकाळीं विमान तपासलें, आणि तें उडालें. हिंदी माणसाबद्दलच्या एका मोठ्या शंकेचें निरसन इतक्या साध्या रीतीनें झालें, हें तरुण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.