पेप्टाइड-संचयांची चाळणी

अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे, म्हणजे पेप्टाइडांचे, लाखो-कोट्यवधी प्रकार एकत्र तयार करून त्यांतून ठरावीक प्रथिनाला घट्ट चिकटणारे मोजके प्रकार वेचण्याची पद्धत. प्रथिनांत मुख्यत्वे 20 अमिनो आम्ले असतात. त्यामुळे पाच घटकांच्या साखळीचे 32 लाख प्रकार संभवतात, तर सहा घटकांच्या साखळीचे 6 कोटी 40 लाख. एकेक बनवत बसले तर आयुष्य पुरणार नाही.

हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ आर्पाद फुर्का यांनी 1982 मध्ये यावरची युक्ती लिहून ठेवली. राळेचे बारीक मणी 20 भांड्यांत वाटायचे, प्रत्येक भांड्यात वेगळे अमिनो आम्ल जोडायचे, मग सगळे मणी एकत्र कालवून पुन्हा वाटायचे. अशा पाच फेऱ्यांत, म्हणजे अवघ्या 100 जोडण्यांत, 32 लाख पेप्टाइडे हाती येतात. मणी एका वेळी एकाच भांड्यात असल्यामुळे त्याच्यावर एकच प्रकार वाढतो. 1991 मध्ये किट लॅम व सहकाऱ्यांनी याच गुणाचा लाभ घेतला: रंग आणणारे विकर जोडलेले प्रथिन मण्यांवर सोडले, की रंगहीन गर्दीत एखादाच मणी निळसर होतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली वेचून त्यावरचा क्रम वाचायचा.

पण खरी अवघड गोष्ट सापडलेल्या पेप्टाइडाची ओळख पटवणे ही आहे, कारण हाती येणारा अंश अत्यल्प असतो. अमेरिकेतील जॉर्ज स्मिथ यांनी 1985 मध्ये दाखवलेला मार्ग म्हणूनच फार सुंदर वाटतो. जीवाणुभक्षक विषाणूच्या जनुकात परका तुकडा घातला, की त्याचे पेप्टाइड विषाणूच्या अंगावर उमटते आणि त्याची कृती आत जनुकातच राहते. लक्ष्य-प्रथिन चिकटवलेल्या भांड्यात असे विषाणू ओतायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे, उरलेले सोडवून जीवाणूंत वाढवायचे आणि पुन्हा तेच. सराफ कट्ट्यावरची माती धुऊन सोन्याचे कण काढणारा झारेकरी हेच करतो. साधारण तीन-चार फेऱ्यांनंतर जनुक वाचले की क्रम कळतो. या कामासाठी स्मिथ यांना 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

धुण्यात हलगर्जी झाली, तर भांड्याच्या प्लास्टिकलाच चिकटणारी पेप्टाइडे विजयी ठरतात. म्हणून लक्ष्याविना रिकाम्या भांड्याशी तुलना करणे अत्यावश्यक आहे.

1996 मध्ये अशाच संचयातून रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीला जागे करणारे 20 घटकांचे पेप्टाइड मिळाले. मूळ संप्रेरक 165 घटकांचे, आणि दोघांच्या क्रमांत साम्य नाही! कोणी बसून आखले असते, तर हा क्रम सुचला नसता. याच शोधमार्गावरचे पेगिनेसॅटाइड 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण काही रुग्णांत तीव्र ॲलर्जी उद्भवल्याने पुढच्याच वर्षी मागे घ्यावे लागले. बिंबाणू वाढवणारे रोमिप्लोस्टिम मात्र 2008 पासून वापरात आहे.

विषाणूऐवजी संदेशवाहक आरएनएलाच पेप्टाइड जोडण्याचे तंत्र 1997 मध्ये आले. जिवंत पेशीची गरज न उरल्याने त्यात लाखो कोटींचे संचय चाळता येतात. त्यातूनच मायास्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या विकारावरचे झिलुकोप्लान घडले. 15 अमिनो आम्लांचे हे वलयाकार पेप्टाइड 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि रुग्ण ते रोज घरीच त्वचेखाली टोचून घेतो.