डाव्या हाताचं दार

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. सध्या मी व्हिडिओ गेम खेळतो आहे. वय वर्षं त्र्याहत्तर!

झालं असं, की दिवाळीत नातू वाशीमला आला तो कॉम्प्युटर घेऊनच. आधी त्याने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला 'राजी' दाखवला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी. तो कसाबसा जमला, तर पठ्ठ्याने 'डार्क सोल्स' लावून दिला. सुरुवातीलाच अगडबंब राक्षस, आणि माझ्या हातात तुटक्या तलवारीची नुसती मूठ. अकरा वेळा मेलो.

"आबा, डाव्या हाताला दार उघडं आहे. पाहिलंच नाही तुम्ही!"

म्हणजे तिथे पळायचं होतं. पुढे नीट हत्यार मिळवून, वरच्या सज्जातून त्याच राक्षसाच्या डोक्यावर उडी घ्यायची होती. आणि मेलात, की जमवलेली कमाई तिथेच पडून राहते. परत तिथवर पोचलात तर तुमची. वाटेत पुन्हा मेलात तर गेली.

मास्तरकीची खोड, म्हणून या खेळाचा इतिहास शोधला. कर्ते हिदेताका मियाझाकी. लहानपणी त्यांना इंग्रजी पुस्तकं अर्धीमुर्धीच कळत, उरलेलं ते चित्रं पाहून मनाने भरून काढत. (मराठी माध्यमातून बीए झालेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं. या खेळातलं इंग्रजी मी असंच वाचतो.) २००४ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, ओरॅकलची नोकरी सोडून ते फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये आले. तिथे एक खेळ रखडला होता, सगळ्यांनी मनातून नापास केलेला. तो त्यांनी हाती घेतला. आधीच फसलेलं काम. आपल्या हातून फसलं तर कोण विचारणार?

तोच 'डेमन्स सोल्स', फेब्रुवारी २००९. सोनीचे शुहेई योशिदा जवळजवळ दोन तास खेळले, तरी सुरुवातीलाच अडकलेले. त्यांनी तो टाकाऊ ठरवला. अमेरिकेत तो सोनीने नाही, ॲटलसने काढला. चाललाही. योशिदांनी पुढे आपली चूक उघडपणे कबूल केली. (पेपर तपासणाऱ्यांपैकी किती जण करतात?) मग २०११ मध्ये 'डार्क सोल्स', २०२२ मध्ये 'एल्डन रिंग', ज्याच्या तीन कोटींवर प्रती खपल्या.

या खेळांत अनोळखी खेळाडू एकमेकांच्या मदतीला येतात. ती कल्पना मियाझाकींना बर्फातल्या चढावर सुचली. गाड्या अडकलेल्या, मागची गाडी पुढचीला ढकलत सगळ्या वर पोचल्या. मागे वळून आभार मानायचीही सोय नव्हती.

२००९ हे साल माझ्या लक्षात आहे ते वेगळ्या कारणाने. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. शिक्षकखोलीत आम्ही तावातावाने भांडलो. मी नापास करण्याच्या बाजूचा. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला ती मुभा परत आली, तेव्हा मी निवृत्त होऊनही खूश झालो होतो.

पण आता राक्षसापुढे मरताना एक पोरगा आठवत राहिला. मालेगाव तालुक्यातल्या माझ्या शाळेत तीन वर्षं नववीत होता. गणित. दरवर्षी तेच पुस्तक, तोच मी, तीच लाल शाई. चौथ्या वर्षी तो आलाच नाही.

परवा एसटी स्टँडवर भेटला. पाया पडला. चहाचे पैसेही त्यानेच दिले. मी धीर करून विचारलं, "तुझं नेमकं कुठे अडायचं रे?"

"अपूर्णांक, सर. पाचवीपासूनच."

नववीत मी त्याला बीजगणित शिकवत होतो. तीन वर्षं!

त्याची मुलगी सातवीत आहे. रविवारी तिला घेऊन ये, म्हटलं. नातवाचा रोज फोन येतो, "आबा, पहिली घंटा वाजवली का?" अजून नाही. राक्षस मात्र सतराव्या खेपेला पडला.