शार्ल मार्व्हिल आणि बदलते पॅरिस

शार्ल मार्व्हिल (1813–1879) हा एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचा फ्रेंच छायाचित्रकार. जुने पॅरिस पाडून नवे उभारले जात असताना त्या दोन्ही शहरांची छायाचित्रे त्याने घेतली, आणि तीही पाडकाम करणाऱ्या नगरप्रशासनाच्याच सांगण्यावरून. त्याचे मूळ आडनाव बोसू. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘कुबडा’ असा होतो. तरुणपणीच त्याने ‘मार्व्हिल’ हे नाव घेतले. सुरुवातीला तो पुस्तकांसाठी चित्रे काढत असे. 1850 च्या सुमारास तो छायाचित्रणाकडे वळला.

1853 मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ओस्मान याला पॅरिसचा समावेश असलेल्या सेन विभागाचा प्रशासक नेमले. पॅरिसचा मध्यभाग तेव्हा दाट वस्तीचा होता. गल्ल्या अरुंद होत्या, सांडपाणी रस्त्याच्या मधोमध वाहत असे आणि कॉलऱ्याच्या साथींनी हजारो बळी घेतले होते. ओस्मानने या वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढले, भुयारी गटारे आणि पाण्याचे नळ टाकले, उद्याने उभारली. हवा आणि पाणी शुद्ध व्हावे, वाहतूक सुरळीत व्हावी, हे या योजनेचे हेतू होते. बंडखोरांना गल्ल्या अडवणे अवघड जावे, हाही एक होता.

1858 मध्ये मार्व्हिलने नव्याने सजवलेल्या बूलोन्य उद्यानाची छायाचित्रे घेतली. 1862 पासून तो ‘पॅरिस शहराचा छायाचित्रकार’ असे पद नावापुढे लावू लागला. त्यानंतर शहराच्या इतिहासाची साधने जमवणाऱ्या विभागाने त्याच्यावर नाहीशा होणार असलेल्या रस्त्यांच्या नोंदीचे काम सोपवले. त्यातून जुन्या पॅरिसची सुमारे 425 छायाचित्रे तयार झाली. त्यांतील बरीच ठिकाणे नियोजित रस्त्यांच्या आखणीवरच येतात. म्हणजे कोठे कॅमेरा लावायचा, हे बव्हंशी पाडकामाच्या नकाशानेच ठरवले होते.

हे काम ओल्या कोलोडियन पद्धतीने होत असे. काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्याआधी चित्र उमटवायचे. त्यासाठी अंधारखोलीचे सामान जवळ बाळगावे लागे. काच प्रकाशात काही सेकंद ठेवावी लागत असल्याने चालती माणसे चित्रात पुसट होत किंवा उमटतच नसत. त्यामुळे या गजबजलेल्या गल्ल्या छायाचित्रांत ओसाड भासतात. ओल्या दगडी फरसबंदीवरची चकाकी, भिंतीवरच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या आणि बिएव्ह्र नदीकाठचे चामडे कमावण्याचे कारखाने मात्र बारकाव्यांसह दिसतात.

नव्या शहराचीही नोंद मार्व्हिलने तितक्याच काटेकोरपणे केली. गॅसच्या दिव्यांचे नाना नमुन्यांचे खांब आणि सार्वजनिक मुताऱ्या यांची त्याने स्वतंत्र छायाचित्रे घेतली. ओस्मानला 1870 च्या आरंभी पदावरून दूर करण्यात आले, तरी बांधकामे चालूच राहिली. ऑपेराकडे जाणारा मोठा रस्ता 1876–77 मध्ये पुरा होत असताना अर्धवट पाडलेली घरे, उकरलेली जमीन आणि मजूर मार्व्हिलने टिपले. शहराच्या कडेला, विसाव्या विभागात, उभ्या राहिलेल्या गरिबांच्या झोपड्याही त्याच्या चित्रांत आहेत. 1878 च्या जागतिक प्रदर्शनात नगरपालिकेने त्याची जुन्या आणि नव्या रस्त्यांची चित्रे मांडली. आपल्या कामाचा मोठेपणा दाखवणे हा तिचा उद्देश होता.

1871 मध्ये पॅरिस कम्यून या शहरातील बंडखोर शासनाच्या अखेरच्या दिवसांत नगरभवन जळाले आणि शहराचे ग्रंथालय व बरीच दप्तरे नष्ट झाली. त्यामुळे मार्व्हिलच्या छायाचित्रांचे मोल आणखी वाढले. पाडकामाचे समर्थन करणारा पुरावा म्हणून जमवलेली ही चित्रे पुढे हरवलेल्या गल्लीबोळांची सर्वांत विश्वसनीय साक्ष ठरली. त्यांचे मोठे संच आज पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात आणि शहराच्या ऐतिहासिक ग्रंथालयात जतन केलेले आहेत.