टॅपेट सेटिंग : एक-सिलिंडर मोटारसायकलच्या झडपांची फट

चार-स्ट्रोक इंजिनात झडप पूर्ण बंद असताना तिच्या दांड्याचे टोक आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात बारीक फट ठेवलेली असते. ती मोजून ठरलेल्या मापावर आणण्याच्या कामाला टॅपेट सेटिंग म्हणतात. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चालते. बजाज पल्सर 150 ला इंजिन थंड असताना इनलेटकडे 0.05 मिमी आणि एक्झॉस्टकडे 0.10 मिमी फट लागते. होंडाच्या जुन्या सुपर कब सी90 ला दोन्हीकडे 0.05 मिमी, म्हणजे झेरॉक्सच्या साध्या कागदाच्या जाडीच्या जवळपास निम्मी. राजदूत किंवा यामाहा आरएक्स 100 यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना अशा झडपाच नाहीत, त्यामुळे त्यांच्या मालकांना हे काम कधी करावे लागले नाही.

फट ठेवावी लागते ती उष्णतेमुळे. पोलादाचा 10 सेंटिमीटरचा दांडा 100 अंशांनी तापला की सुमारे 0.12 मिमी लांब होतो, आणि एक्झॉस्टची झडप तर कित्येक शे अंशांपर्यंत तापते. अर्थात हेडही तापून फुगते, त्यामुळे दांड्याची सगळी वाढ फटीतून वजा होत नाही. या उलटसुलट वाढीचा हिशेब कंपनीने आधीच केलेला असतो आणि त्यावरून थंड इंजिनाचे माप ठरवलेले असते. गाडी चालवून आणल्याआणल्या टॅपेट उघडणे म्हणूनच चूक. ती रात्रभर उभी असावी आणि काम सकाळी सुरू व्हावे.

आवाजावरून टॅपेटची पारख करण्याची सवय मात्र सगळीकडे आहे आणि ती इंजिनाला महागात पडते. रॉकर आणि कॅम झिजले की फट वाढते, हेडमधून टक-टक ऐकू येते, आणि गिऱ्हाईक ‘आवाज बंद करा’ म्हणून गाडी गॅरेजात लावते. मेकॅनिक स्क्रू आवळतो, गाडी गप्प होते, दोघांचेही समाधान होते. पण झडपेची सीट झिजली की झडप हेडमध्ये वर सरकते आणि फट कमी होते. तेव्हा कसलाही आवाज येत नाही. फट संपली की झडप सीटवर टेकेनाशी होते. एक्झॉस्टची झडप आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकते. ते टेकणे थांबले की जळता वायू कडेने निसटू लागतो आणि झडपेची कड जळते. मग कॉम्प्रेशन जाते, सकाळी किक मारून पाय दुखतात, चढावर गाडी दम टाकते आणि शेवटी हेड उतरवावे लागते. वाढलेल्या फटीनेही नुकसान होतेच, झडप कमी उघडते आणि दांड्याच्या टोकावर ठोके बसतात. पण ते नुकसान सावकाश होते आणि कानाला कळते. घट्ट टॅपेट कळत नाही, म्हणून तो अधिक घातक. भारतात 2000 साली सर्वत्र शिसेमुक्त पेट्रोल आले. शिशाचा पातळ थर सीटला झिजेपासून वाचवत असे. तो गेल्यावर मऊ सीटच्या जुन्या इंजिनांत हा धोका वाढला.

कामाला लागणारे मुख्य हत्यार फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच. स्पार्क प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरते. मग टॅपेटची झाकणे आणि मॅग्नेट कव्हरवरचे दोन बूच उघडायचे. एकातून पाना घालून मॅग्नेट फिरवायचा, दुसऱ्यातून खूण पाहायची. ‘टी’ ही खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आली की पिस्टन अगदी वर असतो. शेजारची ‘एफ’ ही ठिणगीची खूण आहे. घाईत हमखास तीच धरली जाते.

याहून मोठी फसगत पुढे असते. एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एक्झॉस्टच्या शेवटी, आणि ‘टी’ दोन्ही वेळा समोर दिसतो. दुसऱ्या वेळी दोन्ही झडपा किंचित उघड्या असतात. तिथे पाती आत जात नाही, टॅपेट घट्ट आहे असे वाटते, आणि स्क्रू नको इतका सैल केला जातो. म्हणून आधी दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहावेत. दोन्हींना थोडी चाल असेल तरच ते कॉम्प्रेशन; नसेल तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा.

ठरलेल्या मापाची पाती फटीतून किंचित अडत सरकली पाहिजे. तशी नसेल तर लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवायचा, मग स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा. नट आवळताना स्क्रू आट्यांसह थोडा ओढला जातो आणि माप बदलते, त्यामुळे पाती पुन्हा घालून पाहणे हा कामाचाच भाग आहे. हे दुसरे मोजमाप टाळणाऱ्याचे पहिले मोजमापही वाया जाते.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटची रीत निराळी. तिचे स्क्रू रॉकरला खालून ढकलणाऱ्या पुशरॉडच्या खालच्या टोकाशी, सिलिंडरच्या उजव्या बाजूच्या झाकणाआड असतात आणि फिलर गेज लागतच नाही. थंड इंजिनावर फट शून्य ठेवायची असते : पुशरॉड दोन बोटांत सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. तापल्यावर सिलिंडर आणि हेडची उंची वाढते आणि हवी ती फट आपोआप मिळते. त्याच कंपनीच्या 2009 च्या क्लासिक 350 मध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तेलाच्या दाबाने ते फट स्वतःच भरून काढतात. 2020 च्या मीटिऑर 350 पासून कंपनी 350 च्या गाड्यांत पुन्हा हाताने सेट करायच्या टॅपेटकडे वळली.

चाकणला तयार होणाऱ्या केटीएम 390 ड्यूकमध्ये स्क्रूच नाही. तिथे फट शिम या छोट्या चकतीच्या जाडीवर ठरते. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवायची आणि हवी असलेली फट वजा करायची, की नव्या शिमची जाडी निघते. उदाहरणार्थ शिम 2.50 मिमी, मोजलेली फट 0.05 आणि हवी असलेली 0.10 असेल, तर 2.45 मिमीची शिम बसवावी लागेल. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत झडप बंद करायलाही स्प्रिंगऐवजी रॉकरच असतो, त्यामुळे प्रत्येक झडपेला उघडण्याची आणि मिटण्याची अशा दोन फटी मोजाव्या लागतात.