कपिलधारेची वाट आणि बिंदुसरेचा पूर

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्याने सिंदफणा आणि गोदावरी यांच्या काठची पिके तर नेलीच, पण कित्येक ठिकाणी पिकांखालची मातीही खरवडून नेली. त्या दिवसांत बीड शहरातील जुनी माणसे पुन्हा १९८९ च्या बिंदुसरेच्या पुराविषयी बोलू लागली. पारावर, चहाच्या दुकानात, हमालांच्या अड्ड्यावर आम्ही ती बोलणी ऐकत होतो. तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पुराची हकीकत सांगायला बसलेला माणूस पाच-दहा मिनिटांतच पूर सोडतो आणि कपिलधारेला कसे जात होतो ते सांगू लागतो. एकाने असे केले असते तर आम्ही म्हातारपणाचा विसराळूपणा म्हणून सोडून दिले असते. परंतु सगळेच असे करतात. आज या व्यासपीठावर इतिहास या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही हाच विषय घ्यावयाचे ठरविले. गरीब माणसाच्या सुट्टीलाही इतिहास असतो, आणि तो बहुधा ती सुट्टी वाहून गेल्यावरच त्याच्या तोंडून बाहेर पडतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

डोंगरावर हवा खायला जाण्याचा म्हणून जो इतिहास छापलेला आढळतो तो साहेबांचा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसविले आणि तेथील पेठेला त्याचेच नाव मिळाले. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली माथेरानचा डोंगर चढला आणि तेथे बंगले उठले. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळपासून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू केली. महाबळेश्वरचे रस्ते ज्यांच्याकडून करवून घेतले त्यांत समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी होते. त्यांची नावे कोणत्याही पॉइंटला दिलेली आम्ही पाहिली नाहीत. आमचा बीड जिल्हा तर निजामाच्या मुलखात. येथे अंबाजोगाईच्या थंड पठारावर घोडदळाची छावणी होती आणि गावाचे नाव मोमिनाबाद करून टाकले होते. त्या हवेचा लाभ पलटणीला मिळाला, तिच्या घोड्यांनाही मिळाला. रयतेने डोंगरावर जावयाचे ते लाकूडफाट्यासाठी किंवा देवासाठी.

सुट्टी ही वस्तूही अशीच भांडून मिळालेली आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना हक्काचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा भरविल्या, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळकरी मुलाला वाटते की रविवार हा सूर्याबरोबरच उगवतो. पगारी रजा त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाला त्या कायद्याच्या दाराशीही उभे राहता येत नव्हते. त्याच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा व्हावा लागला, आणि कायदा झाल्यावर तो गावोगाव पोचविण्यात आमच्यासारख्यांचे आयुष्य गेले. ते काम संपले असे मात्र कोणी समजू नये. असो.

तर अशा माणसांची डोंगराची सुट्टी म्हणजे कपिलधार. बीडपासून दक्षिणेस दहा-अकरा कोसांच्या आत हे स्थान आहे. परमरहस्य या ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी तेथे आहे. कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव समाजाच्या दिंड्या कर्नाटकातून, आंध्रातून पायी येतात. पण आमच्या गल्लीतील घरे यात्रेला जात नसत. ती श्रावणात, एखाद्या सोमवारी जात. त्याला कारण होते. श्रावणात डोंगरावरून धबधबा पडतो हे एक. आणि दुसरे असे की त्या महिन्यात सगळी माणसे घरी असतात. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील कोयता साखर कारखान्यांकडे निघतो. १९७२ च्या दुष्काळानंतर तर ही रांग फार वाढली. बैलगाडीत चूल, जाते, लेकरे घालून कुटुंबेच्या कुटुंबे घाट उतरतात आणि चैत्राच्या आगेमागे परततात. त्यांच्या नशिबी घरादारासह प्रवास आहे, पण त्याला सुट्टी म्हणवत नाही. आमचे मामा-मावश्या त्यांतलेच. म्हणून श्रावणातला तो एक दिवस, मोजून एक, सर्व नातेवाईक एकत्र दिसण्याचा दिवस होता.

जाण्याचे वाहन म्हणजे शेजारच्या चाचांचा ट्रक. ट्रक त्यांचा नव्हे, ते चालक होते. परंतु आम्ही लेकरे तो त्यांचाच समजत होतो. बार्शीकडे माल भरायला रिकामा जायचा असला की चाचा सोमवार साधून घेत. दोन्ही घरची आणि आणखी चार घरची मिळून तीस-पस्तीस माणसे मागे चढत. निघण्यापूर्वी चाचा फाळक्याशी उभे राहून एकेक डोके मोजीत आणि मोठ्याने विचारीत, "सब जने बैठे क्या?" आतून सर्वांनी ओरडून होकार दिल्यावाचून ते गाडीला हात लावीत नसत.

गाव सोडले की थोड्या वेळाने खजाना विहीर येई. निजामशाहीत सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधविली आणि तिच्यातून जमिनीखालच्या नळाने पाणी शेतांना दिले. उन्हाळ्यातही तिचे पाणी हटत नाही अशी तिची ख्याती. वडील दरवर्षी तेच सांगत आणि दरवर्षी आम्ही ते नवे असल्यासारखे ऐकत असू. पुढे पालीला बिंदुसरेचा तलाव. १९५५-५६ च्या सुमाराचे हे धरण. नदी पश्चिमेकडून पाटोद्याच्या डोंगरांतून येते, येथे थांबते, मग बीड शहराचे दोन भाग करून पुढे सिंदफणेला मिळते. तलावाच्या पाण्यावरून वारा येऊ लागला म्हणजे बायका डोक्यावरचा पदर दातांत धरीत. त्यानंतर मांजरसुंब्याचा घाट. आमच्या जिल्ह्याचे दोनच भाग जुने लोक मानतात, खाली गंगथडी आणि वर बालाघाट. घाट चढला की हवा बदलते, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. फाट्यावर उतरून पायी चालावयाचे.

आईच्या पाटीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि वडिलांच्या सोमवारसाठी भगर. चाचींच्या पातेल्यात खिचडी आणि आंबट खट्टा. पंगत दोन ठिकाणी बसे, परंतु लेकरे दोन्हींकडे जेवत, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. एक मोठी पितळी घागर गल्लीत सामाईक झाली होती. ती होती एका म्हातारीची, पण कपिलधारेच्या पाण्याला तीच न्यायची असा दंडक पडला होता. धबधब्याखाली वडील उघड्या अंगाने उभे राहत. पोत्यांनी घासून त्यांच्या पाठीला घट्टे पडलेले होते. वर्षभर त्या पाठीवर जे वजन पडे त्यात हे एकच त्यांना आवडत होते, असे ते स्वतःच हसून म्हणत. संध्याकाळी एस.टी.ने परत.

२३ जुलै १९८९ हा रविवार होता. श्रावण लागायला दहा दिवस होते. बंगालच्या उपसागराकडून आलेला वादळी पाऊस त्या आठवड्यात महाराष्ट्रभर कोसळला. लोणावळ्याजवळ भाजे येथे याच वादळी पावसात डोंगर खचून घरे गाडली गेली. बीडला सकाळी पाणी आले. आम्ही त्या वेळी एकोणीस वर्षांचे होतो. एरवी कामावर गेलेली माणसे रविवारमुळे घरांत होती. बिंदुसरा म्हणजे वर्षातून दहा महिने पोरे जिच्यात क्रिकेट खेळतात अशी नदी. तिचा आवाज ऐकून लोक पाहायला बाहेर आले आणि पाहता पाहता गल्लीतच पाणी शिरले. काठच्या वस्त्या त्या सकाळी मोडून गेल्या. अनेक जीव गेले, कित्येकांचा पत्ता लागला नाही. आमच्या घराची एक भिंत राहिली. चाचा मालाच्या खेपेवर बाहेरगावी होते. चाची आणि त्यांच्या दोन्ही मुली सापडल्या नाहीत.

एका शाळेत आसरा मिळाला. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण गल्लीत हस्ताक्षर बरे म्हणून नुकसानीचे अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. अर्जात रकाने होते. घर कच्चे की पक्के, जनावरे किती, भांडी किती. घागरीची म्हातारी समोर बसली. आम्ही विचारले, "आजी, भांडी काय काय होती?" ती म्हणाली, "कपिलधारची घागर लिही." आम्ही म्हटले, अशी लिहिता येत नाही, पितळी घागर नग एक असे लिहावे लागेल. ती म्हणाली, "मग ती दुसरी कोणतीही होईल ना रे." दिवसभर असेच चालले. कोणी सतरंजी सांगे, ती धबधब्यापाशी अंथरायची. कोणी पेटी सांगे, तिच्यात सहलीचा एकुलता एक फोटो होता. आम्ही सगळे नगांवर उतरवून घेतले. संध्याकाळी ते कागद चाळताना आम्हांस वाटले की त्यात खरे एकही नुकसान लिहिलेले नाही. कारकुनाचा तरी काय दोष? त्याला वर जे पाठवायचे असते त्याचा रकाना आधीच छापलेला असतो.

या संस्थानी मुलखात आणखी एका पुराची आठवण मोठी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीने हजारो माणसे नेली. अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले, असे सांगतात. तेथे राजधानी बुडाली होती, म्हणून विश्वेश्वरय्यांना बोलावून योजना आखली गेली आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. गंमत पाहा, हैदराबादचा मध्यमवर्ग नंतर पिढ्यान् पिढ्या सहलीला गेला तो त्याच उस्मानसागरावर. पुराने त्यांना सुट्टीची जागा दिली. माथेरानची गाडी २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून जाऊन बंद पडली, तीही २००७ साली पुन्हा धावू लागली. आमच्या गल्लीच्या सुट्टीला असा कोणी वाली नव्हता. नदीच्या काठी आम्ही हौसेने राहत नव्हतो. तेथे भाडे कमी होते आणि बाजार जवळ होता. डोंगर उघडे पडत गेले, पात्र अरुंद होत गेले, त्याचा हिशेब सर्वांनी मिळून करावयाचा होता. तो चुकता करावा लागला सर्वांत स्वस्त खोलीत राहणाऱ्याला.

त्या वर्षी पहिला श्रावणी सोमवार ७ ऑगस्टला आला. जावयाचे की नाही यावर शाळेच्या ओसरीवर दोन रात्री बोलणे झाले. बायका नको म्हणत होत्या. डोंगराचे नाव काढले तरी काहींना रडू येई. तिसऱ्या दिवशी चाचा स्वतःच ट्रक घेऊन दाराशी आले आणि म्हणाले, बार्शीला रिकामाच चाललो आहे. अकरा माणसे चढली. धपाटे मदतीच्या पिठाचे होते. घागर नव्हती म्हणून कोणीतरी प्लॅस्टिकची कॅन घेतली होती. चाचा नेहमीप्रमाणे फाळक्याशी आले, त्यांनी आमच्याकडे पाहिले, डोकी मोजली नाहीत. "सब जने बैठे क्या?" असे मात्र विचारले. आतून कोणी ओरडले नाही. थोड्या वेळाने आई म्हणाली, "बसलो भाईजान, चला." मग गाडी सुरू झाली आणि आम्ही पुलावरून पलीकडे गेलो.